पहिलं भोक

खोकं आलं तेव्हा मी घरी नव्हते. जर्मनीत तुम्ही घरी नसलात की पार्सल शेजाऱ्याकडे जातं आणि तुमच्या दारावर चिठ्ठी राहते. त्यामुळे माझ्या हौसेची पहिली खबर तळमजल्यावरच्या आजींना लागली. पावणेदोन मीटर लांब, वीतभर रुंद खोकं, वजन मात्र जेमतेम. "पडद्याचा दांडा का?" त्यांनी विचारलं. "हो, तसंच काहीतरी," मी म्हणाले. खोटं बोलायची गरज नव्हती. पण चाळिशी उलटलेल्या बाईनं जिन्यात उभं राहून 'गाडीच्या हनुवटीला लावायची प्लॅस्टिकची पट्टी आहे' असं सांगायचं म्हणजे जरा धीर लागतो.

गाडी म्हणजे २०१६ सालची माझ्दा एमएक्स-५. दोन माणसं, कापडी टप, मागे दोन लहान बॅगा मावतील एवढी डिकी. लांबी चार मीटरच्या आत, वजन टनाच्या आसपास, इंजिन दोन लिटरचं, ताकद १६० अश्वशक्ती. श्रीमंतांची स्पोर्ट्स कार नव्हे ही. इथे कोलोनमध्ये निवृत्त शिक्षक आणि माझ्यासारखे पगारदार इंजिनिअर ती सेकंडहँड घेतात. गाडी दिसते छान, पण समोरून पाहिली की बंपर खाली येता येता आत वळतो आणि संपतोच. हनुवटी नसलेला चेहरा असतो ना, तसा. मला हे दोन वर्षं खुपत होतं. म्हणून स्प्लिटर.

आता स्प्लिटर म्हणजे काय, हे मी बाबांना फोनवर कसं सांगितलं तेच इथे सांगते. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेच्या पुलांच्या खांबांपुढे पाणी कसं फुगतं, आठवा. खांबाच्या पुढ्यात पातळी चढते आणि बाजूनं पाणी सुसाट पळतं. गाडी पळते तेव्हा बंपरपुढे हवा अशीच तुंबते. तुंबलेल्या हवेचा दाब जास्त, गाडीच्या पोटाखालून पळणाऱ्या हवेचा कमी. या दोघींच्या मधे एक आडवी फळी बाहेर काढली, की वरची तुंबलेली हवा त्या फळीवर बसते आणि गाडीचं नाक खाली दाबते. हवेची फाळणी करणारी फळी, म्हणून स्प्लिटर. शर्यतीच्या गाड्यांना असते ती खरी फळी, बहुतेक हौशी मंडळी चक्क बारा मिलिमीटरच्या प्लायवूडची करतात. तिच्यावर माणूस उभा राहिला तरी वाकता कामा नये, असा त्यांचा आडाखा.

"तुझी पट्टी किती जाड?" बाबांनी विचारलं.

"चार मिलिमीटर."

"मग तू नको उभी राहूस."

गणित मी आधीच केलं होतं. न करता कसं राहवेल? ताशी १०० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतो. माझी पट्टी बंपरच्या बाहेर डोकावते चार सेंटिमीटर, लांबी दीड मीटर धरली तर क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर. म्हणजे सगळा दाब तिच्यावर बसला असं उदारपणे मानलं तरी पावणेतीन किलो. शहरातल्या पन्नासच्या वेगाला वेग निम्मा, दाब चौथाई, म्हणजे सातशे ग्रॅम. आईनं पाठवलेल्या भाजणीचं पाकीट नाकावर ठेवलं तरी तेवढाच परिणाम. दोनशेचा वेग गाठला तर अकरा किलो, पण दोनशेनं मी जात नाही. पोटाखालची हवाही थोडी बदलते आणि तिथलं क्षेत्रफळ मोठं, तेव्हा खरा आकडा याहून जास्त असू शकेल. तो लिफाफ्याच्या पाठीवर पेन्सिलीनं काढता येत नाही. तरीही खरं सांगायचं तर ही लिपस्टिक आहे. खोक्यावर 'स्प्लिटर' छापलंय म्हणून मीही तसं म्हणते.

हवेचा खेळ मात्र खोटा नाही, आणि या देशात तर तो लोकांनी जिवावर बेतून शिकलाय. ऑडीची पहिली टीटी १९९८ साली आली. घडीव, गुळगुळीत, पाठीवरून हात फिरवावासा वाटेल अशी. त्या गुळगुळीत पाठीवरून हवाही तशीच सरकत जायची आणि जाता जाता मागची चाकं हलकी करायची. ऑटोबानवर मोठ्या वेगात काही गाड्या ताब्यातून सुटल्या, माणसं गेली. मग कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं, घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली आणि डिकीच्या कडेवर एक छोटी पट्टी बसवली. वीतभरसुद्धा उंच नाही ती. त्या नितळ रेषेवर चिकटवलेली ती पट्टी बघून गाडी रेखाटणाऱ्याला काय वाटलं असेल, कोण जाणे.

म्हणूनच नुसतं पुढे लावून मागे काहीच न लावणं हे शास्त्राला धरून नाही. नाक दाबलं की त्या मानानं शेपूट हलकी. पण भाजणीच्या पाकिटानं कुठली शेपूट उचलतेय!

तर हवेचं असं. खरा प्रश्न हवेचा नव्हताच. ती पट्टी नऊ स्क्रूंवर बसते आणि ते स्क्रू बसायला बंपरच्या खालच्या कडेला नऊ भोकं पाडावी लागतात. गाडीला. माझ्या गाडीला. स्वतःच्या हातानं.

मी ज्या घरात वाढले तिथे वस्तूला भोक पाडत नाहीत. आमची मारुती ८०० आली तेव्हा मी शाळेत होते. तिच्या सीटवरचं प्लॅस्टिक सात वर्षं निघालं नाही. उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या, उठताना चर्र आवाज यायचा, पण सीट नवीच्या नवी राहिली. गाडी विकली तेव्हा घेणाऱ्यानं सीटचं कौतुक केलं आणि बाबा आठवडाभर खुशीत होते. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, फ्रिजच्या हँडलला क्रोशाचं कव्हर, वहीला खाकी आणि खाकीवर पुन्हा प्लॅस्टिक. भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी घरात बैठक बसायची. "भोक पाडणं सोपं असतं, बुजवणं नाही," हे बाबांचं वाक्य. गंमत म्हणजे या माणसानं एकतीस वर्षं भोकंच पाडली. पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये ते जिग बोरिंग मशीनवर होते. या मशीनचं काम एकच, सांगितलेल्या जागी, शतांश मिलिमीटरही न चुकता भोक पाडणं. 'भोक' म्हटलेलं त्यांना आवडत नाही. बोअर म्हणायचं.

त्यामुळे मी त्यांना फोन केला तो सल्ल्यासाठी, असं वरवर. आत कुठेतरी परवानगीसाठी असावा.

आमच्या इमारतीच्या तळघरात गाडी दुरुस्त करायला मनाई आहे, भाडेकरारात तसं कलमच आहे. रविवारी तर ड्रिल कुठेच चालवता येत नाही, शांततेचा वार. पण इथे एक सोय फार झकास आहे. तासाच्या भाड्यानं गाडी उचलायची लिफ्ट देणारी गॅरेजं असतात. गाडी आपली, हात आपले, लिफ्ट आणि पाने त्यांचे. शनिवारी सकाळी नऊला मी अशा एका गॅरेजात पोचले. मालक साठीच्या पुढचे. अशा ठिकाणी अहो-जाहो नसतं, सगळे एकमेकांना थेट अरे-तुरे. त्यांनी पट्टी हातात घेतली, एका डोळ्यानं तिच्या कडेवरून लांबवर पाहिलं, लाकडाचा वखारवाला पाहतो तसं, आणि म्हणाले, "वाकडी आहे."

होतीच. खोक्यात कुठेतरी दाबली गेली असणार. मास्किंग टेपनं बंपरखाली तात्पुरती चिकटवली तर मधे आणि उजवीकडे घट्ट बसली, डावं टोक बोटभर खाली लोंबायला लागलं. स्क्रू पिळून ओढून घेता आलं असतं. मालकांनी मान हलवली. ओढून बसवलेलं प्लॅस्टिक रोज थोडं थोडं परत जायला बघतं आणि एक दिवस स्क्रूपाशी तडकतं. त्यांनी हीट गन आणून दिली. हे प्लॅस्टिक एबीएस, साधारण शंभर अंशांच्या पुढे मऊ पडतं. गन एका जागी धरली तर फोड येतो, म्हणून इस्त्री फिरवावी तशी फिरवत राहायची. पापड भाजताना आपण जे करतो तेच. मग बाकावर दोन ठोकळ्यांमधे ठेवून, वर वजन टाकून, थंड होऊ द्यायचं. या सगळ्यात पाऊण तास गेला आणि लिफ्टचं मीटर पळतच होतं. पण तो पाऊण तास मला सबंध दिवसात सगळ्यात आवडला. मी ऑफिसात दिवसभर पडद्यावरचे सांधे जुळवते. तिथे काहीच वाकडं येत नाही.

बाबांचा व्हिडिओ कॉल लावून फोन लिफ्टच्या हातावर उभा केला. चिंचवडला दुपारचे दोन वाजत आले होते, त्यांच्या मागे पंखा फिरत होता.

"मध्य काढलास का?"

"लोगोच्या खाली धरलाय, बाबा."

"लोगो कोणी चिकटवला? माणसानंच ना? दोन्ही चाकांच्या कमानींपासून माप घे आणि निम्मं कर."

घेतलं. लोगोत आणि मापात तीन मिलिमीटरचा फरक निघाला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त चश्मा वर सरकवला.

मग त्यांनी विचारलं, तिकडे हिवाळ्यात पारा किती उतरतो आणि उन्हात गाडी किती तापते. मला वाटलं गप्पा मारतायत. ते पट्टीच्या फुगण्याचा हिशेब करत होते. चाळीस अंशांच्या फरकात दीड मीटर एबीएस जवळजवळ पाच मिलिमीटर वाढतं. बंपरही प्लॅस्टिकचाच, तोही वाढतो, पण दोन प्लॅस्टिकं एका मापानं वाढत नाहीत. नऊच्या नऊ ठिकाणी आवळून टाकलं तर पट्टीला जायला जागा नाही. मग ती दोन स्क्रूंच्या मधे फुगून लाट होते. "मधलं एकच बोअर गोल ठेव. बाकीच्यांना आडवी लांबट कर, दोन-दोन मिलिमीटर. मोठा वायसर लाव. आणि मधून सुरू करून कडेकडे आवळत जा, टोकाचे स्क्रू सगळ्यात शेवटी." सोबत आलेल्या कागदावर यातलं अक्षरही नव्हतं. कागदावर नऊ बाण होते आणि एक हसरा चेहरा.

लांबट भोकं पट्टीत. ती मी गोल कानशीनं भराभर करून टाकली. पट्टीला भोक पाडताना काहीच वाटलं नाही, ती तर कालच आली होती. बंपरची गोष्ट वेगळी. पट्टी जागेवर धरून पेन्सिलीनं खुणा केल्या. त्यांवर टेप, म्हणजे बिट सरकणार नाही. बंपरच्या त्या कडेच्या वर-मागे ए.सी.चा कंडेन्सर आणि रेडिएटर आहेत. प्लॅस्टिक फुटल्यावर हात भसकन आत गेला तर दोन-चारशे युरोंचा फवारा. म्हणून बिटाला टोकापासून दहा मिलिमीटरवर रंगीत टेप गुंडाळला. टेप कडेला टेकला की थांबायचं. आधी दोनचा बिट, मग साडेतीनचा. वर बघत, दोन्ही हात डोक्याच्या वर, तोंडावर चश्मा.

"थांब," बाबा म्हणाले, "ड्रिल काटकोनात आहे का ते मला इथून दिस..." आणि पडद्यावर ते तोंड उघडं ठेवून गोठले. चिंचवडची लाइट गेली होती.

मी ड्रिल तसंच धरून उभी राहिले. बराच वेळ, म्हणजे कदाचित अर्धं मिनिट. पलीकडच्या लिफ्टवर एक मुलगा ब्रेक बदलत होता, त्याच्या रेडिओवर फुटबॉल चालू होता. गोठलेल्या बाबांकडे एकदा बघितलं आणि बटण दाबलं.

आवाजही फारसा झाला नाही. पांढरट-काळी एक गुंडाळी बिटाभोवती वर आली, टेप कडेला टेकला, संपलं. खाली जमिनीवर प्लॅस्टिकचा भुगा चिमूटभरसुद्धा नव्हता. सात वर्षं सीटवर जपलेलं प्लॅस्टिक माझ्या डोळ्यांपुढे आलं, हे सांगायला हवं. पुढची आठ भोकं दहा मिनिटांत उरकली. पाचव्याला तर मी शीळ घालत होते.

लाइट आल्यावर त्यांचा फोन आला. झालं म्हटलं. वाटलं, काहीतरी म्हणतील.

"बर काढलीस का?"

बर म्हणजे भोकाच्या कडेला उरलेली बारीक धार. नव्हती काढली. मोठा बिट नुसता हातानं फिरवून प्रत्येक भोकाची बर काढली, मग पट्टी चढवली. मधला स्क्रू, मग एक डावा, एक उजवा. स्क्रू घट्ट झाला की पाव फेरा मागे. जिथे बंपरला घासेल तिथे रंग जाऊ नये म्हणून पारदर्शक फिल्म आधीच लावली होती, हे माझं डोकं. जमिनीपासून बंपरची कड आधी साडेसोळा सेंटिमीटर होती, आता पट्टीची तेरा. भारतीय मानकातला गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच असतो, तेव्हा कागदोपत्री ही गाडी पुण्यात चालेल. कागदोपत्री. आमच्या सोसायटीच्या गेटातला गतिरोधक वॉचमननं उरलेल्या सिमेंटचा केलाय, त्याला मानक माहीत नाही.

इथे पुढचा अंक तपासणीचा. बाहेरून आणलेला भाग गाडीला लावला की त्याची कागदपत्रं हवीत, आणि माझ्या पट्टीच्या कागदांवर 'लावल्यानंतर तपासून घ्यावी' अशी अट होती. नाही घेतली तर गाडीला रस्त्यावर आणण्याची परवानगीच धोक्यात येते. म्हणून सोमवारी तपासनिसांकडे. त्यांनी टॉर्च मारला नाही, स्क्रू मोजले नाहीत. आधी पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोळे अर्धवट मिटून. गाडीच्या बाहेर आलेल्या कडक भागाची कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येनं गोल हवी, असा नियम आहे. रस्त्यानं चालणारा माणूस धडकलाच तर निदान कापला जाऊ नये. मग खाली वाकून वायसर पाहिले. "ही भोकं लांबट तुम्ही केलीत?" मी हो म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. शिक्का मारला.

महिन्याभरानं न्युर्बुर्गरिंगला गेले. कोलोनहून तास-सव्वा तासाचा रस्ता. १९२७ साली खुला झालेला हा जुना ट्रॅक, नॉर्डश्लायफं, जवळजवळ २१ किलोमीटरचा, जंगलातून डोंगरावर चढणारा-उतरणारा. ठरावीक दिवशी तिकीट काढून कोणीही आपली गाडी घालावी. कायद्यानं तो टोलचा रस्ताच, ओव्हरटेक डावीकडूनच आणि वेळ मोजायला बंदी. तिथे फ्लूगप्लाट्स नावाचा चढ आहे. नाव जवळच्या जुन्या ग्लायडरच्या धावपट्टीवरून पडलंय, पण लोकांना वाटतं गाड्या उडतात म्हणून. दुर्दैवानं तेही खरं. मार्च २०१५ मध्ये शर्यतीतली एक निसान या चढाच्या माथ्यावर नाक वर करून उचलली गेली, पोटाखाली हवा शिरली आणि गाडी मागे उलटत कुंपणापार गेली. एक प्रेक्षक ठार झाला. त्या मोसमात शर्यतींनाही तिथे वेगमर्यादा घातली गेली आणि पुढच्या वर्षासाठी रस्त्याचे उंचवटे कमी केले. त्या निसानला खरा स्प्लिटर होता, माझ्या पट्टीच्या कैक पट मोठा. नाक खाली असतं तोवर फळी त्याला दाबते, पण एकदा नाक वर झालं की तीच फळी पंख होते.

मी फ्लूगप्लाट्स नव्वदनं पार केला. मागून आलेल्या एका पोर्शनं दिवा दाखवला, मी उजवीकडे झाले. पुढे फुक्सर्‍योरं नावाची घळ, तिथे गाडी उतारावरून तळाशी जाऊन दबते. जीभ दातांखाली धरून बसले होते, घासलं नाही. कारुसेल नावाच्या वळणावरच्या काँक्रीटच्या वाटीत गाडी खडखडली, दात वाजले, पट्टी गप्प. फरक जाणवला का? छे. एकच फरक पडलाय, मी आता प्रत्येक उतारावर गाडी तिरकी घालते, एकेक चाक करून, नऊवारीतली बाई ओढा ओलांडते तशी. तळघराच्या रॅम्पवर मागचे लोक थांबतात आणि काही बोलत नाहीत, जर्मन आहेत.

घासली ती दुकानाच्या पार्किंगमध्ये. दूध आणि धने घ्यायला गेले होते. समोरचा कट्टा बुटका दिसला म्हणून नाक त्याच्यावर जाऊ दिलं, आणि निघताना मागे घेतली तर खर्रर्रर्र. गाडी बंद करून मी दोन मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग उतरून, धन्याची पिशवी जमिनीवर टाकून, तिच्यावर गुडघा टेकून पाहिलं. डाव्या टोकाला तळव्याएवढा पट्टा पांढरा खरवडलेला, कडेचे तुकडे केसांसारखे उभे. स्क्रू सगळे जागेवर. फोटो काढून बाबांना पाठवला. उत्तर लगेच आलं. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील तिकडे, जागेच होते.

"लांबट बोअर होतं म्हणून सरकली, नाहीतर तुटली असती. कानस मारून घे. कड बोचता कामा नये."

शनिवार होता, सहा वाजून गेले होते. उद्या रविवार. कानशीचा आवाज शांततेच्या नियमात बसतो की नाही ते बघत बसले नाही. घरी जाऊन ती घेतली आणि तळघरात गाडीपुढे सतरंजी अंथरली.